तेरड्याचे बी कुंडीत का कुजले?

प्रश्न : गेल्या भाद्रपदात गावच्या बांधावरून रानतेरड्याचे बी आणले होते. तेरड्याला ओल लागते म्हणून मार्चमध्ये ते दोन इंच खोल पेरले आणि कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवली. एकही रोप आले नाही. उकरून पाहिले तर बी कुजलेले होते. कुठे चुकले? सीतेची आसवेही कुंडीत लावता येतील का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : बियाण्यापेक्षा त्या ताटलीवर माझा अधिक संशय आहे. रानतेरडा भर पावसात वाढतो हे खरे, परंतु तो बहुधा बांधाच्या आणि डोंगराच्या उतारावर दिसतो, जिथे माती सतत ओली असली तरी पाणी मुळाशी तुंबून राहत नाही. बाग-माती, कुजलेला पालापाचोळा आणि जाड वाळू एकत्र करून कुंडी भरावी, तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवावा आणि ताटली काढून टाकावी.

दोन इंच खोलीही फार झाली. बी ओल्या मातीवर विखरून वरून चिमूटभर बारीक माती भुरभुरली की पुरे. पेरणी जूनमध्ये, दोन-चार चांगल्या सरी पडून गेल्यावर करावी. परदेशी व्हिडिओंत सांगतात तसे बी फ्रिजमध्ये ठेवण्याचे कारण नाही; तो उपाय बर्फाळ प्रदेशातल्या फुलांसाठी आहे, आपल्या तेरड्याचे बी तर रानात उन्हाळाभर कोरड्या मातीतच पडून असते. मुंबईच्या पावसाचा थेट मारा कोवळ्या रोपांना झेपत नाही, म्हणून चार-सहा पाने येईपर्यंत कुंडी ग्रिलच्या आत, पण उजेडात ठेवावी. रोपे मातीलगत पाणचट होऊन आडवी पडू लागली, तर दाटी कमी करून वारा खेळू द्यावा. सारे जमले तर गौरी-गणपतीच्या सुमारास फुले दिसतील.

सीतेच्या आसवांचा नाद मात्र सोडावा. ही कीटकभक्षी वनस्पती सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, पाझरत्या, निकस मातीत वाढते आणि नत्राची उणीव सूक्ष्म जीव पकडून भरून काढते. आपली खतावलेली कुंडी तिला मानवत नाही.

यंदाचे बी धरताना हिरवट, लवदार बोंड फुगून फिकट होऊ लागले की त्यावर मलमलीची सैल पुरचुंडी बांधावी, कारण पिकलेल्या बोंडाला बोट लागताच त्याच्या पाकळ्या गुंडाळतात आणि बी चहूकडे उडते. ते सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावे.