तालीम कुठल्या रकान्यात बसते?

कोल्हापूर

अनेक आशीर्वाद.

तुझी समाजशास्त्राची टिपणं वाचली. समूहांचे प्रकार तू तक्त्यात नीट मांडलेस. एकीकडे प्राथमिक, दुसरीकडे दुय्यम, खाली अंतर्गट आणि बाह्यगट, प्रत्येकापुढे चार-चार वैशिष्ट्यं. परीक्षेला हे चालेल, मार्कही पडतील. पण तुला प्रकल्प तालमीवर, म्हणजे नुसत्या आखाड्यावर नव्हे तर पेठेतल्या मंडळावर करायचाय, आणि तालीम या तक्त्यात मावणार नाही. म्हणून हे पत्र.

आधी एक पक्कं कर. माणसं एका जागी जमली म्हणजे समूह झाला नाही. स्टँडवर गारगोटीच्या गाडीची वाट बघणारे पन्नास जण ही गर्दी. जिल्ह्यातले सगळे डावखुरे ही नुसती वर्गवारी, त्यांना एकमेकांचा पत्ताही नाही. गाडी दोन तास आली नाही, चार जणांनी पुढं होऊन जाब विचारला, एकानं अर्ज लिहिला आणि बाकीच्यांनी सह्या केल्या, की तिथं समूहाची सुरुवात होते. कारण आता ते एकमेकांकडून काहीतरी अपेक्षा धरतात. सही न करणाऱ्याकडं लोक वळून बघतात, तेवढ्यावरूनच ओळखायचं.

प्राथमिक समूहाची कल्पना अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूलीनं 1909 मध्ये मांडली. कुटुंब, मुलांचा खेळगट आणि शेजार ही त्याची उदाहरणं. सगळी मुलं त्यातला 'समोरासमोरचा सहवास' तेवढा पाठ करतात. अरे, बँकेतला कॅशियरसुद्धा समोरासमोरच भेटतो! कूलीचा रोख दुसरीकडं होता. माणसाचा स्वभाव या गटांत घडतो, 'आपण' म्हणायची सवय इथं लागते, म्हणून ते प्राथमिक. 'दुय्यम' ही जोडी नंतरच्या अभ्यासकांनी लावली. तेव्हा एकाचं वैशिष्ट्य उलटं केलं की दुसऱ्याचं तयार, असली टिपणं लिहू नकोस.

खरी गंमत बघायची तर करवीर-पन्हाळ्याकडच्या कुठल्याही गावात सकाळी दूध संस्थेत जाऊन उभा राहा. किटली येते, माप होतं, नमुना यंत्रात जातो, फॅटचा आकडा येतो, पावती हातात पडते. नियम सगळ्यांना सारखा, दर फॅटवर, बिल दहा दिवसांनी. पुस्तकातला दुय्यम समूह, औपचारिक, हेतूपुरता. आता माणसं बघ. माप घेणारा चुलतभाऊ, सचिव भावकीतला, मागं उभी असलेली म्हातारी त्याला लहानपणापासून ओळखते. फॅट कमी लागलं की ती यंत्राशी भांडत नाही. "तुझ्या आईला सांगते" म्हणते. त्या एका वाक्यात ती व्यवहार संस्थेतून काढून भाऊबंदकीत नेते, आणि तो हसून "आज्जी, पावती घे" म्हणत परत संस्थेत आणतो. माणसं तीच, अर्ध्या मिनिटात समूहाचा प्रकार दोनदा बदलला. प्रकार माणसांना चिकटलेला नसतो, तो त्या वेळच्या संबंधात असतो. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

आता तालीम. नोंदणी, अध्यक्ष, हिशेब, फुटबॉल संघ हे सगळं आहे, म्हणजे औपचारिक. पण रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर गाडी तालमीच्या कट्ट्यावरूनच निघते. विल्यम समनर या समाजशास्त्रज्ञानं 1906 मध्ये अंतर्गट आणि बाह्यगट, म्हणजे 'आपण' आणि 'ते', असा भेद केला. त्यातलं मोलाचं असं, की आतला सलोखा आणि बाहेरचं वैर एकमेकांवर पोसतात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या दोन तालमींचा फुटबॉल सामना असला की गॅलरीत तुला हे दिसेल. पण तिथंच थांबू नकोस. खासबागेच्या कुस्ती मैदानात पुण्याचा पैलवान उतरला की दोन्हीकडचे तेच पाठीराखे शेजारी बसून कोल्हापूरच्या पोराला ओरडून डाव सांगतात. समोर कोण आहे त्यावर 'आपण' कुठं संपतं ते ठरतं. मग पेठेत वाढलेला, पण यंदा दुसऱ्या संघाकडून खेळणारा पोरगा कुणाचा? हे कट्ट्यावर विचार. जे उत्तर मिळेल त्यावर तुझं एक प्रकरण निघेल.

अंतर्गट म्हणजे वाईटच, असा सूरही तुझ्या टिपणात आहे. जरा थांब. शाहू महाराजांच्या काळात इथं जातीजातींची वसतिगृहं उभी राहिली, 1901 मध्ये मराठा विद्यार्थ्यांचं, 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. जात जन्मानं मिळते, तिला अर्ज लागत नाही. वसतिगृहाला प्रवेश, नियम आणि देखरेख लागते. जन्माच्या गटाला संस्थेचं रूप दिलं आणि शिक्षणाची वाट काढली. त्यानं जातीची भिंत पक्की झाली की पोरं भिंतीपलीकडं गेली? माझ्या मते दोन्ही झालं, पण दुसरं जास्त. तुझं मत वेगळं असेल तर पुराव्यानिशी मांड.

संदर्भ समूहावर फार शाई घालवू नकोस. अभ्यासिकेत बसणारा पोरगा अजून पूर्वपरीक्षाही पास नसतो, पण बोलणं-चालणं साहेबासारखं करायला लागतो. ज्या गटात आपण नाही त्याच्या मापानं स्वतःला मोजणं ते हेच. यावर समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन मुळातून वाच, गाईडातून नको.

कट्ट्यावर पहिल्याच दिवशी प्रश्नावली काढू नकोस, लोक सरकारी सर्व्हे समजून गप्प होतील. दोन-चार संध्याकाळी नुसतं बस, चहाचे पैसे कोण देतं ते बघ. ओळख झाली की गणेशोत्सवाच्या वर्गणीची वही मागून बघ. पेठ सोडून उपनगरात राहायला गेलेले किती जण अजून वर्गणी देतात, हे त्यात सापडेल. नावं उतरवू नकोस, आकडे पुरेत.

तुझा,
सर