फरशीखालचं पाणी आणि वळवाचा पाऊस

प्रश्न : बावधनला आमच्या बंगल्याचं काम जोत्यापर्यंत आलंय. मुलगा स्टुटगार्टला असतो. गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं महिनाभर त्याच्याकडे होतो. बाहेर बर्फ आणि घरात अनवाणी फिरावं अशी ऊबदार फरशी! घराबाहेर पंख्याची एक पेटी आणि आत पाण्याची टाकी, बाकी काही नाही. हेच यंत्र उन्हाळ्यात घर गारही करतं म्हणे. तेव्हापासून आमच्या ह्यांनी धोशा लावलाय, पुण्यातही हेच बसवायचं. गिझर नको, एसी नको. कंत्राटदार म्हणतो, फरशीखाली नळ्या टाकायच्या असतील तर आत्ताच सांगा. काय करावं?
— एक वाचक, बावधन

उत्तर : ताई, जोत्यावर असताना विचारलंत हे फार बरं केलंत. मला बहुतेक पत्रं फरशी बसल्यावर येतात.

चिंचवडच्या एका कारखान्यात 31 वर्षं कॉम्प्रेसर तपासण्यात गेली माझी, त्यामुळे त्या पेटीबद्दल, म्हणजे हीट पंपाबद्दल, मला आपुलकी आहे, हे आधीच सांगून टाकतो. हीट पंप उष्णता तयार करत नाही, उपसतो. विहिरीवरचा पंप कुठे पाणी तयार करतो? तसंच. बाहेरच्या हवेतली उष्णता उपसायची आणि टाकीतल्या पाण्यात ओतायची. गिझरची कॉइल एका युनिट विजेची एकच युनिट उष्णता देते. हा पंप तेवढ्याच विजेत तीन ते चार युनिटं देतो. विहीर जितकी खोल तितकी मोटर दमते, हा नियम इथेही आहे: बाहेरची हवा आणि आतलं पाणी यांच्या तापमानात अंतर जास्त, तर फायदा कमी. चिरंजीवांच्या फरशीत 35 अंशांच्या आसपासचं पाणी फिरत असणार, म्हणून बर्फातही तो पंप परवडतो. आणि ही काही कालची युक्ती नव्हे. झुरिकच्या नगरभवनात 1938 साली नदीच्या पाण्यातून उष्णता उपसणारा असा पंप बसला होता.

आता पुणं. आपली थंडी कसली? डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 10-12 अंशांवर येतो आणि दुपारी आपण स्वेटर कमरेला बांधून हिंडतो. नळ्यांवरचा कोबा आणि फरशी तापायला काही तास लागतात. पहाटे पंप सुरू केलात तर पायाला ऊब लागेपर्यंत अंगणात ऊन आलेलं असेल. तेवढ्यासाठी सबंध घराच्या फरशीत नळ्या पुरणं म्हणजे भातुकलीसाठी स्वयंपाकघर बांधणं. जाड सतरंजी घाला.

गारव्याची गोष्ट मात्र मी सोसलेली आहे. आमच्या मेव्हण्यांनी कोथरूडच्या घरी हौसेनं फरशीत गार पाणी फिरवायची सोय केली. एप्रिलभर आम्ही सगळे त्यांच्या हॉलमध्ये फरशीवर लोळत होतो. बाहेर 38 अंश, हवा खडखडीत कोरडी. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी होतं तो, 11-12 अंशांच्या आसपास असतो. नळ्यांत 16 अंशांचं पाणी फिरत होतं, तरी फरशी कोरडी ठणठणीत. मग मे महिन्यात एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. मातीचा वास घ्यायला म्हणून वहिनींनी सगळ्या खिडक्या उघडल्या. बाहेर 26 अंश, आर्द्रता 80 टक्के. त्या हवेचा दवबिंदू 22. आणि फरशी होती 19-20 अंशांवर. पाचच मिनिटांत हॉलला घाम फुटला. मी हातात चहाचा कप घेऊन आलो आणि थेट कोचाखाली गेलो. कप फुटला, मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये. ज्यानं काम केलं होतं त्यानं आर्द्रता पाहून पाण्याचं तापमान आपोआप वर नेणारा सेन्सर बसवलाच नव्हता. ‘तुम्ही खिडक्या उघडायलाच नको होत्या,’ असं वर आम्हालाच! पुण्यात वळवाच्या पावसात खिडक्या बंद ठेवायच्या?

सेन्सर असता तर फरशी ओली झाली नसती, पण गारही राहिली नसती. शिवाय फरशीची ताकदच थोडी: चौरस मीटरला जेमतेम 30-40 वॅट. 12 चौरस मीटरच्या खोलीत अर्धा किलोवॅटसुद्धा होत नाही. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो.

तेव्हा फरशीतल्या नळ्या रद्द. पंपाकडून पाणीच गार करून हवं असेल तर प्रत्येक झोपायच्या खोलीत फॅन कॉइल बसवा: भिंतीवरच्या एसीसारखीच पेटी, फक्त तिच्यात 7 ते 12 अंशांचं पाणी फिरतं. हवेतलं बाष्प तिच्यावर टिपलं जातं आणि वेगळ्या नळीनं बाहेर जातं. त्या नळीला उतार आहे ना, हे प्लास्टर होण्याआधी तांब्याभर पाणी ओतून स्वतः बघा. गार पाण्याच्या पाइपांवर जाड आवरण हवं, नाहीतर भिंती रडतील. पण रात्री तीन-चार खोल्या एकदम चालणार असतील तरच हा खटाटोप. तुम्ही दोघंच राहणार असाल तर एका खोलीला इन्व्हर्टर एसी आणि गच्चीवर चायना मोझॅक, म्हणजे ऊन परतवणारे पांढऱ्या टाइल्सचे तुकडे. वरच्या मजल्याचा निम्मा त्रास तापलेल्या स्लॅबचा असतो.

आंघोळीच्या पाण्यासाठी मात्र हीट पंप डोळे मिटून घ्या. आमच्या आजीच्या बंबाला दिवसभराच्या ढलप्या लागायच्या आणि विसण घालायला माणूस लागायचा. चौघांचं 200 लिटर पाणी 20 अंशांवरून 50 वर न्यायला गिझरला सुमारे 7 युनिटं लागतात, पंपाला दोन-सव्वादोन. युनिट दहा रुपयांचं धरलं तर रोजचे 45-50 रुपये वाचले. गच्चीत भरपूर ऊन असेल तर आधी सोलर आणि जुलै-ऑगस्टच्या झाकोळासाठी हा पंप, अशी जोडी मला सर्वांत आवडते. पाणी टँकरचं किंवा बोअरचं असेल तर टाकीतल्या कॉइलवर क्षारांचं पुट चढतं. वर्षातून एकदा साफ करून घ्या. बाहेरची पेटी शेजाऱ्यांच्या खिडकीसमोर नको. घरघर फार नसते, पण पहाटे साडेचारला तेवढीही पुरते.

ह्यांना सांगा, स्टुटगार्टची फरशी स्टुटगार्टलाच बरी.

प्रश्न : सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. कपडे वाळत घालायच्या बाल्कनीत हीट पंपाचा गिझर बसेल का? बाल्कनीला काचा लावल्या आहेत.
— एक निवृत्त शिक्षक

उत्तर : काचा काढणार असाल तर. हे यंत्र ज्या हवेतून उष्णता घेतं तीच गार करून सोडतं. बंद बाल्कनीत थोड्याच वेळात ते स्वतःचीच गार हवा ओढू लागेल आणि वीज जास्त खाईल. काचांऐवजी जाळी लावा. दुसरं म्हणजे, 200 लिटरची भरलेली टाकी यंत्रासकट अडीचशे किलोंच्या पुढे जाते. जुन्या इमारतीची बाहेर काढलेली बाल्कनी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. तो नको म्हणाला तर घासाघीस करू नका, साधा गिझर घ्या.