ब्रूस डिकिन्सनचं पुढचं काय ऐकू?

प्रश्न : दादा, मी कणकवलीचा, कॉलेजला आहे. आयर्न मेडन या इंग्लिश हेवी मेटल बँडचे 'द नंबर ऑफ द बीस्ट' आणि 'पॉवरस्लेव्ह' हे अल्बम ऐकून ऐकून पाठ झालेत. माझे मामा डबलबारी भजनाचे बुवा आहेत, त्यांना मोबाईलवर मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन ऐकवला तर म्हणाले, "गळो बरो आसा, पण असो गायलो तर धा वर्सांत बसतलो." खरंच बसला का? आणि पुढे काय ऐकू, इतके अल्बम आहेत की कुठून सुरू करावं कळत नाही.

उत्तर : मित्रा, मामांना आधी माझा नमस्कार सांग. जो माणूस स्वतः रात्र रात्र वरच्या पट्टीत गजर घेतो त्याला गळा कुठे ताणला जातोय ते लगेच कळतं, आणि मामांचा अंदाज वाटतो तितका चुकलेला नाहीये. ब्रूसचा पहिला मोठा अल्बम सॅमसन बँडबरोबरचा 'हेड ऑन', 1980 चा. त्यात दहा मिळव, 1990 येतं, आणि 1990 चा मेडनचा 'नो प्रेअर फॉर द डाइंग' लाव बघू. तोच गायक, पण आवाज खरखरीत, ओढून काढल्यासारखा, वरचा सूर मोकळा लागतच नाही. मेडनबरोबरची मधली आठ वर्षं अल्बमवर अल्बम आणि जगभर टूर, 'पॉवरस्लेव्ह'ची टूर तर जवळजवळ वर्षभर चालली होती, गळा थकणार नाही तर काय.

पण गळा बसला नाही, आणि गोष्ट खरी इथूनच सुरू होते असं माझं ठाम मत आहे. 1993 मध्ये ब्रूसने मेडन सोडलं. लोक ही वर्षं सरळ गाळतात आणि 2000 वर उडी मारतात, तू तसं करू नकोस. 1994 च्या 'बॉल्स टू पिकासो' या त्याच्या सोलो अल्बममध्ये 'टीअर्स ऑफ द ड्रॅगन' आहे, ते रात्री हेडफोन लावून ऐक. सुरुवातीला नुसती गिटार आणि अगदी खालच्या सुरातला आवाज, जोर कुठेच नाही, मग कोरसला आवाज उघडतो तो असा की अंगावर काटाच येतो, आणि मध्येच चक्क रेगेचा ठेका येऊन जातो. हा माणूस खालच्या सुरात इतका भरीव गाऊ शकतो हे मेडनमध्ये आपल्याला फारसं कळलंच नव्हतं, तिथे तीन मिनिटांत टिपेला जायची घाई असायची.

त्याच अल्बमपासून गिटारिस्ट रॉय झी बरोबर आला. मध्ये 1996 चा 'स्कंकवर्क्स' वेगळ्या लोकांबरोबर झाला, तो सध्या सोडलास तरी चालेल. पण 1997 चा 'अ‍ॅक्सिडेंट ऑफ बर्थ' आणि 1998 चा 'द केमिकल वेडिंग' हे दोन लागोपाठ ऐकच, दोन्हीत मेडनचाच जुना गिटारिस्ट एड्रियन स्मिथ पण आहे. 'केमिकल वेडिंग' विल्यम ब्लेक या इंग्रज कवीच्या कल्पनांवर बेतलेला आहे, गिटार खूप खाली ट्यून केलेल्या, सगळा आवाज जड, आणि त्या जडपणावर ब्रूसचा आवाज पावसाळ्यात उधाणाची लाट बंधाऱ्यावरून यावी तसा वर येतो. माझ्या मते त्याचा सगळ्यात चांगला अल्बम हाच, मेडनचे धरूनसुद्धा. मामांना ऐकवायचा तर हाच ऐकव.

1999 ला तो मेडनमध्ये परत आला, 2000 चा 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' लाव म्हणजे सोलो वर्षांनी काय दिलं ते लगेच कळेल, आवाज भारदस्त झालाय आणि वरचे सूर पण परत आलेत. मग 2015 चा 'द बुक ऑफ सोल्स', दोन सीडींचा. गाणं रेकॉर्ड झाल्यावर जिभेच्या मुळाशी कॅन्सर निघाला, म्हणजे तो अल्बम गाताना गाठ घशाशीच होती, आणि तरी शेवटचं 'एम्पायर ऑफ द क्लाउड्स' 18 मिनिटांचं आहे, ब्रूसने स्वतः पियानोवर बसवलेलं, 1930 मध्ये कोसळलेल्या आर101 या एअरशिपबद्दल, म्हणजे वायूने भरलेल्या हवाई जहाजाबद्दल. उपचार झाले आणि 2016 ला बँडचं बोइंग 747 विमान स्वतः चालवत तो टूरवर निघाला. मला याचं आजही नवल वाटतं.

प्रश्न : ब्रूसचा नवा सोलो अल्बम घेण्यासारखा आहे का? आणि तो भारतात कधी गायलाय का? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : 'द मँड्रेक प्रोजेक्ट' मार्च 2024 ला आला, आधीच्या 'टिरनी ऑफ सोल्स'नंतर 19 वर्षांनी, रॉय झी याही वेळी आहेच. तेव्हा वय 65, वरचे सूर आधीसारखे सहज लागत नाहीत हे ऐकू येतं, पण तो ते लपवत नाही, गाण्यात नाट्य कुठे भरायचं ते त्याला पक्कं माहितीये. घ्या, पण आधी 'केमिकल वेडिंग' घ्या. भारतात म्हणाल तर मेडन 2007 ला बंगलोरला आले होते, आणि 1 फेब्रुवारी 2008 ला तर त्यांची अख्खी वर्ल्ड टूर आपल्या मुंबईतून सुरू झाली. त्या टूरचा सगळा भर ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांवर होता, 1985 चा 'लाइव्ह आफ्टर डेथ' आणि 2009 चा 'फ्लाइट 666' हे दोन लाइव्ह अल्बम जोडीने ऐका, बरीच गाणी तीच आहेत, मध्ये दोन दशकं.