‘तुम्ही असं का करता?’ याला काय उत्तर द्यायचं?

प्रश्न : दुसऱ्या देशातून आलेली एक सहकारी काही महिन्यांपासून आमच्याबरोबर काम करते. स्वभावाने लाघवी, पण तिला प्रश्न फार पडतात. घरातल्या घरात तुम्ही आभार का मानत नाही? निघतो म्हणाल्यावर दारात पुन्हा इतका वेळ का बोलत राहता? समोरच्याचं वाक्य संपायच्या आत बोलायला का लागता? मला एकाचंही उत्तर देता येत नाही. कधी तिचा राग येतो, कधी आपल्याच माणसांची लाज वाटते. आता तर दारात उभी राहिले की माझं मलाच अवघडल्यासारखं होतं. तिला काय सांगू? आणि मी पुन्हा पूर्वीसारखी वागू शकेन का?

उत्तर : तिला तुमच्यात राहायचंय, म्हणून ती विचारते. ज्याला उद्या निघून जायचंय तो इतक्या बारीकसारीक गोष्टी कशाला विचारील? तेव्हा राग सोडा.

नव्याने आलेल्या प्रौढ माणसांना मी भाषा शिकवते. व्याकरण ते पुस्तकातूनही शिकतात. मला विचारतात ते तुमच्या सहकारी विचारतात तसलंच. एका विद्यार्थ्याला दारातल्या निरोपाने अगदी जेरीस आणलं होतं. हा बूट घालून, पाठीला सॅक लावून उभा आणि घरचे बोलतायत ते बोलतायतच. त्याला वाटे आपण अडकलो. घरच्यांना वाटे हा पळायला बघतोय. मी त्याला एवढंच सांगितलं, की पुढच्या वेळी घड्याळाकडे बघू नकोस, दारात काय बोलणं होतं ते ऐक. तो ऐकून आला. कुणाचं आजारपण, कुणाची पैशांची ओढाताण, भावाशी धरलेला अबोला. आत बसून गप्पा झाल्या तेव्हा यातलं काहीच निघालं नव्हतं, सगळं दारात निघालं. समोरासमोर बसून विषय काढला की त्याला उत्तर द्यावं लागतं. उभ्या उभ्या बोललेलं दोघांनाही सोपं जातं, नको वाटलं तर ‘बरं, येतो’ म्हणून सुटता येतं. इतकी वर्षं मी स्वतः अशी दारात उभी राहत आले, पण हे मला त्याच्या ऐकण्यातून कळलं.

तुम्हीही तिला उत्तर देण्याआधी हेच करा, दोघी मिळून बघा. फक्त एक पथ्य पाळा. उत्तर सुचलं नाही की आपण पटकन एखादं भारदस्त कारण चिकटवतो : यामागे शास्त्र आहे, पूर्वजांनी विचार करूनच हे ठरवलंय. बहुतेक वेळा ते कारण आपणच त्या क्षणी जुळवलेलं असतं. मला याची मनापासून चीड आहे, कारण समोरच्याने खरं काही विचारलेलं असतं आणि आपण त्याच्या हातात खोटं देतो. ‘माहीत नाही, बघू या’ म्हणण्यात काही कमीपणा नाही.

आभारांचं म्हणाल, तर तिला एक अभ्यास जरूर सांगा. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत पाच खंडांतल्या आठ भाषांमधल्या घरगुती, रोजच्या बोलण्याची ध्वनिचित्रमुद्रणं तपासली होती. कुणी काही मागितलं आणि दुसऱ्याने ते दिलं, अशा प्रसंगांत शब्दांनी आभार मानले गेले ते सरासरी वीसात एकदा. इंग्रजी आणि इटालियन बोलणाऱ्यांत प्रमाण थोडं जास्त होतं, पण त्यांच्यातही बहुतेक वेळा आभार नव्हतेच. आपल्या माणसाने हात पुढे केला तर तो करणारच, हे जगभर गृहीत धरलेलं दिसतं. तिच्या घरी काय होतं, तेही तिला एकदा आठवून बघू दे.

वाक्य तोडण्याबद्दल. 2009 मधल्या दहा भाषांच्या अभ्यासात असं दिसलं, की प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा सुमारे पाचवा भाग जातो. जपानी बोलणाऱ्यांत मधली जागा जवळजवळ नव्हतीच, डॅनिशमध्ये ती अर्ध्या सेकंदाच्या आसपास होती. फरक एवढासाच, पण तेवढ्यावरून माणसं एकमेकांना उतावीळ किंवा घुम्मी ठरवून मोकळी होतात. तिच्याशी बोलताना क्षणभर थांबून बघा, ती पुढचं वाक्य काढते का.

आता लाजेबद्दल. परक्याच्या काही प्रश्नांनी लाज वाटलीच पाहिजे. 1562 मध्ये ब्राझीलहून आणलेले तीन मूळ रहिवासी फ्रान्समधल्या रूआं शहरात राजाला भेटले. राजा नववा चार्ल्स तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा. इथलं काय नवल वाटलं, असं विचारल्यावर ते म्हणाले, की दाढीवाले, धिप्पाड, शस्त्रधारी पुरुष एका पोराचा हुकूम कसा मानतात? आणि काहींची घरं सगळ्या सुखांनी भरलेली असताना त्यांच्याच दारात भुकेने खंगलेली माणसं भीक मागतात, ती हे सहन कसं करतात, त्या श्रीमंतांचे गळे का धरत नाहीत? माँतेन या फ्रेंच लेखकाने हे लिहून ठेवलं म्हणून आपल्याला माहीत आहे. यातल्या दुसऱ्या प्रश्नावर ‘आमची पद्धतच आहे’ हे उत्तर होऊच शकत नाही. तुमच्या घरात दर वेळी एकच माणूस उठतं आणि बाकीचे बसून राहतात, असं उद्या तिने दाखवलं, तर तिथे समर्थन शोधू नका. त्या सवयीचा भार कोण उचलतंय ते पाहा आणि ती सवय मोडा.

पूर्वीसारखं वागता येईल का? तंतोतंत नाही, पण अवघडलेपण नक्की जातं. ते घालवायला एक गोष्ट करून बघा. होरेस माइनर या मानववंशशास्त्रज्ञाने 1956 मध्ये ‘नासिरेमा’ नावाच्या जमातीवर लेख लिहिला. हे लोक म्हणे रोज डुकराच्या केसांची जुडी जादूच्या चूर्णासह तोंडात घालून विधी करतात. वर्णन दात घासण्याचं होतं, आणि जमातीचं नाव रोमन अक्षरांत उलटं वाचलं की ‘अमेरिकन’ निघतं. स्वतःची सकाळ अशी लिहून काढा आणि तिलाही तिची लिहायला सांगा. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा.

प्रश्न : मी शिकायला परदेशी आले आहे. इथल्या लोकांच्या सवयींबद्दल लिहावंसं वाटतं, पण पाहुण्याने यजमानांना नावं ठेवू नयेत, असं घरचे म्हणतात.

उत्तर : जरूर लिहा. पंडिता रमाबाई 1886 मध्ये अमेरिकेत गेल्या आणि तिथल्या समाजावर त्यांनी मराठीत लिहिलेलं पुस्तक 1889 मध्ये निघालं. स्त्रियांचं शिक्षण आणि त्यांच्या संस्था यांचं त्यांनी तोंडभरून कौतुक केलं. कृष्णवर्णीयांना आणि मूळ रहिवाशांना मिळणारी वागणूकही झाकली नाही. पाहुणी म्हणून त्यांनी काही हातचं राखलं नाही, आणि ते वाचताना आजही त्यांच्यावर विश्वास बसतो तो त्यामुळेच. फक्त उशीर करू नका. आज जे खटकतं किंवा आवडतं, ते काही महिन्यांनी तुम्हाला दिसेनासं होईल. जे पाहिलं ते आणि त्याचा तुम्ही लावलेला अर्थ वेगवेगळ्या पानांवर लिहा, दोन्हींवर तारीख घाला. अर्थाचं पान पुढे बऱ्याचदा खोडावं लागेल, म्हणून त्यात जागा सोडा.