आधी काळं भरून बघ
अरे, कॅरेक्टर डिझाइनचा पोर्टफोलिओ बघितला तुझा, चिलखतावरची चमक मस्त जमलीय पण सगळी पात्रं आतला तपशील झाकून नुसती काळी भरली तर कोण कुठलं कळतच नाही बघ. माझंही तेच होतं, २ वर्षं फक्त रेंडरिंग, म्हणजे चमक-सावल्या, घासलं. मग सकाळी बडोद्याच्या खंडेराव मार्केटला स्केचबुक घेऊन बसायला लागलो, भाजीवाल्या मावशी कशा टेकतात, हमाल वजन कुठल्या पायावर घेतो, सगळं ३०-३० सेकंदात काढायचं, हात तिथेच सुटला. बडोद्यातच फतेहसिंह म्युझियममध्ये रविवर्म्याची चित्रं आहेत ना, साडीच्या चुण्या कुठून ताणल्या जातात ते निवांत बघ. एका पात्राचे २० थंबनेल, म्हणजे छोटी झटपट चित्रं, काळ्यातच काढ, दागिने-बिगिने नंतर. आणि जुन्या फाइल्स उडवू नकोस हं, मी लाजेपोटी उडवल्या, आता ताडून बघायला काहीच नाही उरलं.