खालच्या विभागातला लेस्टर सिटीचा हंगाम खरोखर सोपा होता का?

२०२३ मध्ये प्रीमियर लीगमधून (इंग्लिश फुटबॉलचा सर्वोच्च विभाग) खाली गेलेल्या लेस्टर सिटी या क्लबने पुढच्याच हंगामात चॅम्पियनशिप, म्हणजे दुसरा विभाग, सहज जिंकली, मग खालच्या विभागातला तो हंगाम सोपाच होता का, असे तुम्ही विचारले आहे. ९७ गुण आणि पहिला क्रमांक पाहून तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तो हंगाम मी बारकाईने पाहिला आहे आणि माझे मत वेगळे आहे.

पैशाचा फायदा होता, हे मान्य करावेच लागेल. खाली गेलेल्या क्लबला पहिल्या वर्षी प्रीमियर लीगच्या प्रत्येक क्लबला प्रक्षेपण-उत्पन्नातून मिळणाऱ्या समान वाट्याच्या ५५ टक्के इतकी ‘पॅराशूट’ रक्कम मिळते. तरीही त्याच वर्षी लीग वन या तिसऱ्या विभागातून नुकताच वर आलेला इप्सविच ९६ गुणांसह दुसरा आला आणि लेस्टरबरोबरच खाली गेलेला लीड्स ९० गुण मिळवूनही तिथेच अडकून पडला, कारण थेट वर फक्त पहिले दोन संघ जातात.

खरी अडचण खेळाची होती. आदल्या वर्षी बचाव करत हरणाऱ्या संघाला आता जवळजवळ प्रत्येक सामन्यात चेंडू स्वतःकडे ठेवून, स्वतःच्या गोलसमोर गर्दी करून बसलेल्या प्रतिस्पर्ध्याची फळी फोडायची होती. मॅडिसन आणि बार्न्स हे आक्रमक खेळाडू विकले गेले होते. नवे प्रशिक्षक एन्झो मारेस्का यांनी गोलरक्षक हर्मनसनपासून संथ, छोट्या पासांनी चाल रचण्याचा आग्रह धरला आणि रिकार्डो परेराला उजव्या बगलेवरून मधल्या फळीत आणले. पहिल्या चौदापैकी तेरा सामने जिंकल्यावर कोणाचीच तक्रार नव्हती. मात्र पुढे हा संथपणा घरच्या प्रेक्षकांना खुपू लागला आणि जानेवारीत, सामना जिंकूनही, या पद्धतीवर शंका असेल तर मी निघून जाईन, असे मारेस्का यांनी जाहीरपणे सांगितले. (जिंकणाऱ्या प्रशिक्षकाला असे बोलावे लागणे, हे मला विलक्षण वाटले.) त्यानंतर मिडल्सब्रो, लीड्स आणि क्यूपीआर (क्वीन्स पार्क रेंजर्स) यांच्याकडून सलग तीन पराभव झाले, मोठी आघाडी वितळली आणि प्रीमियर लीगमधले पुनरागमन निश्चित व्हायला २६ एप्रिल उजाडला. वयाची ३७ वर्षे पूर्ण केलेल्या आघाडीवीर जेमी वार्डीचे १८ लीग गोल नसते, तर प्ले-ऑफची (वर जाण्याच्या तिसऱ्या जागेसाठीच्या बाद फेरीची) वेळ आली असती, असा माझा अंदाज आहे.

पुढे मारेस्का आणि मधल्या फळीतील ड्यूसबरी-हॉल दोघेही चेल्सीला गेले, आणि २०२५ मध्ये लेस्टर, इप्सविच आणि प्ले-ऑफमधून वर आलेला साउदॅम्प्टन हे तिन्ही संघ पुन्हा खाली गेले.