एफडी मोडून सिनेमॅटोग्राफी शिकू का?

कोल्हापूरहून एका २६ वर्षांच्या वाचकानं विचारलंय, ताई, मला कॅमेरा नि एडिटिंगची टेक्निकल बाजू नीट शिकायचीय, पुण्यात एक वर्षाचा प्रायव्हेट डिप्लोमा आहे, फी ४ लाख, कॅमेरा-लेन्स १ लाख ८० हजार, तर ३ लाखांची एफडी मोडतो, ३ लाख पर्सनल लोन घेतो (१४ टक्के, ३ वर्षं) आणि अकाउंट्सची २६ हजारांची नोकरी सोडतो. सहा लाखात बसतंय, करू का?

बसत नाहीये रे. अकाउंट्सवाला असून जीएसटी विसरलास? ४ लाखांवर १८ टक्के म्हणजे फीच ४ लाख ७२ हजार. पुण्यात खोली, मेस, पेट्रोल धरून महिना १२ हजार म्हटलं (कमीच धरतेय) तरी वर्षाचे १ लाख ४४ हजार. कॅमेरा धरून झाले ७ लाख ९६ हजार. त्यात वर्षभराचा न मिळालेला पगार ३ लाख १२ हजार नि लोनचं व्याज साधारण ६९ हजार, म्हणजे पावणेबारा लाखांचा मामला आहे हा! आणि हप्ता १०,२५० च्या आसपास, तो पहिल्या महिन्यापासून सुरू, जेव्हा तुझ्या हातात रुपया येत नसणार. आईबाबा तुझ्यावर अवलंबून आहेत असं तूच लिहिलंयस, मग त्यातल्या कुणाचं दुखलंखुपलं तर एफडी पण नाही.

म्हणून माझं उत्तर, आत्ता नको. शिकायला नको असं नाही म्हणत मी.

तुला जे शिकायचंय त्यातलं बरंचसं नोकरी ठेवून शिकता येतं. सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला मी हौसेनं फोनवर शूटिंग केलं, हॉलमध्ये जुन्या ट्यूबलाइट, सगळ्या व्हिडिओत आडवे काळे पट्टे सरकतायत! नंतर एका क्लायंटनं सांगितलं की आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्यामुळे सेकंदाला २५ फ्रेम नि शटर (प्रत्येक फ्रेमला प्रकाश आत घ्यायचा वेळ) १/५० सेकंद ठेवायचं, मी १/६० वर होते. ही अक्कल मला चहाच्या कपावर मिळाली, ४ लाखांत नाही. डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरच्या फुकट व्हर्जनमध्ये एडिटिंग, कलर, साउंड तिन्ही आहे, अल्ट्रा एचडीपर्यंत एक्सपोर्टही होतं, त्यावर सहा महिने घास आधी.

कॅमेरा तर घेऊच नकोस, रविवारी भाड्यानं आण. नवीन मॉडेल आलं की जुन्याची किंमत पडते आणि लेन्स त्यामानानं टिकतात, हे कुठलाही सेकंडहँडवाला सांगेल. पैसे घालायचेच तर आधी माइक नि रेकॉर्डरवर घाल, चित्र जरा हललेलं लोक चालवून घेतात पण लग्नाच्या व्हिडिओत नवरीच्या बापाचं बोलणं ऐकू आलं नाही तर पेमेंट अडकतं. आणि हार्ड डिस्क! हा खर्च कुणीच धरत नाही. १०० एमबीपीएसनं (सेकंदाला १०० मेगाबिट) शूट केलं तर तासाला ४५ जीबी, लग्नात दोन कॅमेरे चार-चार तास चालले तर ३६० जीबी, त्याची दुसरी कॉपी ठेवावीच लागते, म्हणजे एका लग्नाला ७२० जीबी.

लग्नसराईत गावातल्याच एखाद्या व्हिडिओवाल्याकडे असिस्टंट म्हणून उभा राहा, सुरुवातीला फक्त जेवण मिळालं तरी चालेल, लाइट कुठं लावायचा ते तिथंच कळतं. आणि पुण्याला जायचं तर जा ना, प्रभात फिल्म कंपनी पण १९२९ ला कोल्हापुरात सुरू होऊन १९३३ ला पुण्यात आली होती, तिच्याच स्टुडिओच्या जागेत आज एफटीआयआय ही सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथले शॉर्ट कोर्स असतात, काही दिवसांचे, काही आठवड्यांचे, रजा टाकून एखादा करता येईल, त्यासाठी आजपासून महिना ५ हजारांची आरडी लाव.

सहा महिने सलग या कामातून महिना ८-१० हजार सुटले, तर मला परत लिही, तेव्हा डिप्लोमाचं गणित वेगळं असेल. तेव्हाही पर्सनल लोनच्या आधी बँकेत शैक्षणिक कर्ज मिळतं का बघ, आणि त्याच्या व्याजाची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते हे ध्यानात ठेव. दरम्यान त्या डिप्लोमावाल्यांना एक मेल टाक, की मध्येच सोडलं तर फी किती परत, नि उत्तर लेखी माग. फोनवर "सर तुम्ही या तर खरं" म्हणाले तर काय ते समज.